भाषांतर, पानामागे साठ रुपये

फोर्टात, कोर्टामागच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर, नोटरी दारूवालांच्या केबिनला लागून
माझं टेबल.
जन्मदाखले, भाडेकरार, अधूनमधून घटस्फोट.

आज परळच्या इस्पितळातली फाइल.
ट्रस्टला मराठीतून हवी आहे.
सगळं जमलं : पेशी, मात्रा, तिसरं आवर्तन.
शेवटच्या ओळीत अडलो.
पोरीचा प्रतिसाद, डॉक्टर लिहितात, प्रॉमिसिंग.

होतकरू?
तो शब्द ‘गरीब व’शिवाय घराबाहेर पडत नाही,
वह्यावाटपाच्या बॅनरवर राहतो.
शिवाय होतकरू मुलगी असते, रक्त नसतं.
आश्वासक?
मंत्र्यांनी इतका वापरलाय
की कोपरं झिजलीत त्याची.
वचन देणारा म्हणावं, तर वचन दिलं कुणी?
डॉक्टरांनी नाही. रक्ताने तर नाहीच.
इंग्रजीचं बरं असतं,
वचन दिसतं, देणारा सापडत नाही.

मलाही म्हणाले होते एकदा.
शहाऐंशी साल, एकांकिका स्पर्धा, पेपरात चार ओळी.
आडनाव चुकलेलं, रेवणकरचं रावणकर,
विशेषण मात्र अचूक.
कात्रण पिवळं पडलं.
विशेषण अजून कोरं आहे,
घडीसुद्धा मोडलेली नाही.

समोर शेवंताबाई, मिरजेकडच्या. पोरीची आई.
‘काय लिवलंय त्येच्यात?’
म्हटलं, बरी होईल असं नाही लिहिलेलं.
होणार नाही असंही नाही.
काहीतरी सुरू झालंय,
चांगल्या बाजूला. एवढंच.

तिने पदराने नाक पुसलं.
‘म्हंजी इरजान लागाया लागलंय.
आता भांडं हलवायचं न्हाई.’

तीस वर्षं भाषा विकतो मी.
माझ्याकडे विरजण फक्त पडतं, आणि तेही आशेवर.
हिच्या घरी ते लागतं.
रात्रभर, झाकणाखाली, कुणी न बघता.

शिक्क्याच्या कागदावर ‘आशादायक’ टाइप केलं.
विरजणाला ट्रस्ट पैसे देत नाही.
साठ रुपये तिने मोजून दिले, मी घेतले.

मग खिडकीतून दिसली :
फाइल दोन्ही हातांवर आडवी,
काठोकाठ काही भरल्यासारखी.
हातगाडीवाला ओरडला, बाजू, बाजू.
ती भिंतीला टेकून उभी राहिली,
आधी त्याला जाऊ दिलं.