सोनकी आहे, भरपूर

सातपूरला शनिवारी मशिनी बंद.
मी आणि इनामदार, एकच स्कूटर,
डब्यात ठेचा-भाकरी,
निघालो अंजनेरीला, फुलं बघायला.

पायऱ्या संपल्या नि पठार पिवळं.
सोनकी.
इनामदार म्हणाला, "हळदीचं पोतं फुटलंय की रे!"
मी नुसता दम खात उभा.

ओल्या कातळावर निळे ठिपके,
सीतेची आसवं म्हणतात.
वाकलो, तर चष्म्यावर धुकं.

कंदीलपुष्प कुठंय, विचारलं सोमा बेंडकोळीला.
शेळ्यांकडे बघत तो म्हणाला, "यंदा नाही."
इनामदारनं भाकरी पुढे केली.
ठेच्यानं तिघांच्याही डोळ्यांत पाणी.

मग उठला, पलीकडचं गवत बाजूला केलं.
बोटाच्या पेराएवढा कंदील,
वारा होता, तरी न विझलेला.

आठवडाभर माझ्या हातात व्हर्निअर.
दोन शतांश मिलिमीटर चुकलं की माल परत.
इथं हात खिशातून निघालाच नाही.
मोबाइलही.

सोमानं गवत पुन्हा ओढलं.
एक पातं वाकडं राहिलं होतं,
ते मी सरळ केलं.

खाली त्र्यंबक रस्त्याला
गाडीतून कुणी विचारलं, "वर आहे का काही बघण्यासारखं?"
इनामदार माझ्याकडे बघून म्हणाला,
"सोनकी आहे. भरपूर."