पाव

सकाळचं सत्र, सात दहाची घंटा.
नाशिकची डिसेंबरची थंडी मफलरात गुंडाळून
सिडकोच्या गल्ल्यांतून मुलं येतात.
दप्तरात सगळं असतं, पोटात चहा.

प्रणित खैरनारच्या पोटात तोही नसतो.
आई अंबडच्या पहिल्या पाळीला सहालाच निघते,
फ्रिजवर वीसची नोट, तिच्यावर लोणच्याची बरणी.
त्रिमूर्ती चौकापर्यंत त्या नोटेचं पाकीट होतं,
लाल, हवेनं फुगलेलं.
बोटं तिसऱ्या तासापर्यंत तिखट.

तिसरा तास माझा. बीजगणित.
क्षची किंमत किती, मी विचारते.
तो खिडकीतून मान वळवतो : "वीस, मॅडम."
वर्ग हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू.
शेऱ्यात लिहिलं, लक्ष नाही.

चाचणीत त्याची पहिली चार गणितं
कवायतीला उभी राहावीत तशी.
पाचव्यापासून अक्षर उतरणीला लागतं,
सातव्यात वजाचं चिन्ह हरवतं,
आठव्यात नुसता प्रश्नाचा आकडा
आणि पुढे कागद.
दहा वाजले असतील तेव्हा.
मोठ्या सुट्टीला अजून वीस मिनिटं.

गठ्ठा मी शनिवारी घेतला.
माझा उपास, साबुदाणा भिजवायचा राहिलेला,
सकाळपासून दोन कप कॉफी.
लाल पेन सपासप चाललं होतं.
अकरा. नऊ. साडेसात.
प्रणित, सहा.

दुपारी बोरस्ते वहिनींनी भिंतीवरून ताटली दिली,
भगर, वर दाण्याची आमटी, वाफाळती.
उभ्यानंच खाल्ली. बोटंसुद्धा चाटली.
मग पेन उचललं आणि बघते तर
पाचव्याची रीत बरोबरच होती की,
घसरली होती ती बेरीज.
पाव गुण कुठल्या नियमात बसत नाही,
तरी दिला. सहाव्याला अर्धा.
सगळा गठ्ठा पुन्हा काढला पहिल्यापासून.
एकाचाही गुण कमी झाला नाही.

हे मुख्याध्यापकांना सांगितलेलं नाही.
खणात खडूंच्या खोक्याशेजारी आता एक डबा असतो,
भाजलेले दाणे नि गूळ,
बुधवारपर्यंत तळ दिसतो त्याचा.

सोमवारी प्रणित पेपर घेऊन टेबलाशी आला,
लाल आकड्यावर बोट :
"मॅडम, हा पाव कशाचा?"

डबा पुढे सरकवला.
म्हटलं, आधी खा,
मग सांगते.