पाचवं वर्ष

यवतमाळच्या शोरूममधून वैदेही नावाची मुलगी
आठवड्यात चौथ्यांदा फोन करते.
मॅडम, अठरा हजार सातशे.
तीन वर्षं कंपनीची, वर दोन वाढीव.
एकतीस तारखेनंतर रेट बदलेल.
मागे कुणी शिंकतं, कुणी हसतं,
ती पुन्हा म्हणते, मॅडम, ऐकताय ना?

ऐकतेय.
उपकेंद्राच्या ओट्यावर बसले आहे,
मांडीवर लशीचा डबा.
बाटलीवर एक गोल असतो, गोलात चौकोन.
चौकोन फिका असेस्तोवर लस चांगली,
गोलाइतका काळा झाला की फेकायची.
एकतीस वर्षं मी हा चौकोन बघत आले.
गाडीवर असा चौकोन नाही.
मी शोधला.
काचेवर, दाराच्या कडेला, डिकीत, स्टेपनीखाली.

दिवाकर म्हणतात, पैसा वाया.
त्यांनी मिक्सरची घेतली होती, फ्रिजची घेतली होती,
कागद संपला आणि महिन्याभरात वस्तू गेली,
जणू आतल्या आत तारीख मोजत बसली होती.
लेक पुण्याहून म्हणते, घेऊन टाक आई,
टेन्शन नको.
कुणाला, ते सांगत नाही.

रात्री चष्मा लावून बारीक अक्षर वाचलं.
क्लच प्लेट नाही. ब्रेकचे पॅड नाहीत.
रबराचं काही नाही, काचेचं काही नाही.
पुराच्या पाण्यात घातली तर नाही.
उंदरांनी वायर कुरतडली तर नाही.
इथं मी हसले.
कापूस घरात आला की मागोमाग उंदीर येतात आमच्याकडे.
गेल्या साली सरपंचाच्या नव्या गाडीत
बोनेटखाली एक बाळंतीण झाली होती,
सरकीच्या गादीवर सहा पिल्लं.
मीच मोजली. सवय.

आणि शेवटून दुसऱ्या ओळीत:
अधिकृत केंद्राबाहेर काम केल्यास
करार रद्द समजावा.

म्हणजे शफी रद्द.

घाटंजीच्या स्टँडमागे चिंचेखाली त्याचं गॅरेज,
बोर्ड नाही, टायर टांगलेला.
अठरा साली रपट्यावर माझी जुनी ओम्नी बंद पडली,
मागच्या सीटवर सुगंधा आत्राम, कळा सुरू.
तो लुनावर आला, टॉर्च दातांत धरून,
आपल्या चपलेचा पट्टा कापला
आणि फाटल्या होजला गुंडाळला.
पोरगी झाली. अडीच किलो.
त्यानं तीस रुपये घेतले. चपलेचे.

त्याला काय सांगायचं,
म्हणून तीन दिवस त्या रस्त्यानं गेलेच नाही.
चौथ्या दिवशी मागच्या चाकात हवा कमी वाटली.
हवा भरलेली चालते का, कागदात नव्हतं.

मी बोनेट उघडलं.
त्यानं हात पाठीमागे बांधून आत बघितलं,
मी मोठ्या डॉक्टरांच्या पेशंटकडे बघते तसं.
"घेऊन टाका सिस्टर," म्हणाला,
"हिच्यात कम्प्युटर हाय.
माह्या पान्याले नाई समजत ते.
आन् माहे डोळेबी आता..."
पुढं बोलला नाही.
मी त्याला उजेडाकडे वळवलं.
उजव्या बुबुळात दुधी ठिपका.
वर्षभराचा तरी असेल.

वैदेहीला सांगितलं, घेते.
ती इतकी आनंदली की वाटलं
तिचीही कुठली एकतीस तारीख असावी.
पाचवं वर्ष सरेल तेव्हा
मी रिटायर होऊन चार महिने झालेले असतील.
या डब्याला कुणी दुसरी बर्फ लावत असेल.
ते कुठल्याच कागदात नाही,
आणि मी विचारलंही नाही.

पहिली सर्व्हिस अकरा तारखेला आहे.
त्याच दिवशी यवतमाळला डोळ्यांचं शिबिर.
शफी पुढच्या सीटवर बसला,
पट्टा लावायला शिकवावं लागलं.
बसण्याआधी त्यानं बोनेटच्या कोपऱ्यात
तंबाखूची पुरचुंडी बांधली, उंदरांसाठी.

"नट नाई खोलला, सिस्टर," म्हणाला,
"तसं लिहून घ्या कागदात."