पात्याचे सहा गुरुवार

ब्रायोनी फर्निसची ही गॅलरी
आधी सुऱ्यांना धार लावायचा कारखाना होती.
शेफिल्डात अशा जागा गल्लोगल्ली.
कुठे आता कॉफी, कुठे योगाचे वर्ग,
इथे तेवढी कला,
तीही महिन्याच्या बोलीवर.

माझं काम भोकं बुजवायचं.
एक प्रदर्शन उतरलं की दुसरं चढायच्या आत
खिळे उपटायचे, लांबी भरायची,
पॉलिश पेपर मारून वर पांढरा हात.
चौदा वर्षं झाली.
थरावर थर चढून खोली चारी बाजूंनी
नखभर तरी आत आली असेल.
ब्रायोनी म्हणते, तेवढंच भाडं कमी करायला हवं.

मार्चमध्ये दोरीची जाळी होती, छतापासून उंबऱ्यापर्यंत.
जूनमध्ये एक मुलगी सलग तीन तास
जुन्या पोस्टकार्डांवरचे नुसते पत्ते वाचत राहिली.
समोर चौघे. त्यातला एक गॅसचं मीटर बघायला आलेला,
तो शेवटपर्यंत थांबला.
अहवालात ब्रायोनीनं लिहिलं, प्रेक्षक चार.
चाराचे चाळीस तिनं कधी केले नाहीत.
अनुदानाच्या अर्जात विचारतात,
समाजाला उपयोग काय, दीडशे शब्दांत सांगा.
ती हीटरला पाय लावून रात्री उशिरापर्यंत बसते
आणि एकशे एकोणपन्नासाव्याला अडते.

मग आला डेस्मंड इबॉट्सन. वय एक्याऐंशी.
पंधराव्या वर्षी याच खिडकीशी कामाला बसलेला.
पत्रक छापलं:
एक माणूस, एक सुरी, सहा गुरुवार,
काहीच उरणार नाही तोवर.

पहिल्या गुरुवारी लोक ठिणग्या बघायला आले.
डेस्मंड पाण्यावर घासतो.
एकही उडाली नाही.
दुसऱ्या गुरुवारी निम्मे आले.
तिसऱ्याला फुटबॉलची मॅच, आणि आम्ही सात.
चौथ्याला त्याची बायको पुढच्याच खुर्चीत बसली
आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,
घरची एक सुरी टोमॅटो कापेल तर शपथ.

चंदनासारखं झिजावं, असं मला शाळेत शिकवलं होतं.
सुरीच्या झिजण्यावर कुणी सुविचार लिहिला नाही.
तिला सुगंध नाही, ओल्या लोखंडाचा वास आहे,
आणि चाकाखाली साचतो काळा गाळ,
कुठल्याच देवाच्या कपाळी न लागणारा.
मी तो खरवडून ओतायला निघालो
तर ब्रायोनी बरणी घेऊन दारात उभी.
टाकू नकोस म्हणाली.
तिचं सगळं शिक्षण, मला वाटतं, या दोन शब्दांत आहे.

सहाव्या गुरुवारी खुर्च्या पुरल्या नाहीत.
चाक फिरलं, आणि थांबलं.
डेस्मंडनं पातं खिडकीच्या उजेडात धरलं,
गवताच्या काडीइतकं.
"बास," म्हणाला.
"अजून आहे की थोडं," ब्रायोनी.
"म्हणूनच. हेही घालवलं तर तुम्ही म्हणाल
म्हातारा सहा आठवडे हवेला धार लावत होता."

लोकांच्या हातात पत्रकं होती.
ब्रायोनीनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
स्टूल तिनंच धरलं.
मी वर चढून भिंतीवरच्या मजकुरातली
शेवटची ओळ घासून काढली.
टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या
हे कुणाला कळलं नाही, म्हणून त्या राहिल्याच.

मालकाचं पत्र सोमवारपासून टेबलावर पडून होतं.
डेस्मंडनं ते त्याच सुरीनं फोडलं.
आवाजसुद्धा झाला नाही.
ब्रायोनीनं वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं.
म्हणाली, "दोरीवाला ऑक्टोबरात परत येतोय.
भोकं बुजवून ठेव."

बुजवली. एक सोडून.
त्या खिळ्याला सुरी टांगली आहे,
पाटी नाही, दिवा नाही.
काल एक गृहस्थ बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिले,
मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले,
इथे भिंतीला चीर गेलीय,
लांबी भरायची राहिली वाटतं.