नऊ पिनांचा कान

सहकारनगरच्या सभागृहात भिंतीवर तीन पॅनल:
एक विंगेत, एक मागच्या केबिनमध्ये,
तिसरं व्यवस्थापक गुपचुपांच्या टेबलाशी.
खाली रॅकमध्ये मिक्सर एकटाच,
नऊ पिनांचा एकच कान घेऊन.

आधीच्या माणसाने तिन्ही तारा पिळून
वर चिकटपट्टी मारलेली.
केबिनमधून ‘वाढव’ निघायचं, टेबलावरून ‘कमी कर’,
पोचायचं ते ‘वाकमीढ’ असलं काहीतरी.
मिक्सर गप्प.
भलतंच ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं,
एवढी अक्कल त्याला होती.

गुपचूप म्हणाले, “माझंच चालायला हवं.”
विंगेतली ऋचिका काही बोलली नाही.
तिला फक्त तबला ऐकू यायला हवा होता.

बुधवार पेठेतून एक चिमुकला बोर्ड आणला,
आत यायला तीन दारं, बाहेर पडायला एक.
त्याला शिकवलं: एकाचं वाक्य संपू दे,
मग दुसऱ्याला सोड.
आणि मिक्सर जे उत्तर देईल ते तिघांनाही सांग.
या शेवटच्या ओळीला दोन रात्री गेल्या,
नाहीतर प्रत्येकाच्या पॅनलवर आपापला शिळा आकडा
आणि जो तो त्याच्याशीच भांडत बसलेला.

रविवारी तिघांनी एकदम बटण दाबलं.
आवाज वर, आणखी वर, मग टेबलापाशी खाली.
“बावीस,” गुपचूप म्हणाले, जरा नाराजीनेच.
“बावीस,” केबिनमधून आलं.

बिल लिहिता लिहिता घरी फोन लावला.
आई नि बाबा स्पीकरवर एकदमच सुरू,
गॅसचं आणि गुडघ्याचं.
सगळं कळलं.