चोचीचा र

नेब्रास्कात, नदीच्या वरच्या अंगाला,
मका आणि टेलिग्राफचे खांब सोडून
जिथे काही उभं दिसत नसे,
तिथलं आमचं गाव, नोव्हा ल्होता.
गावाला दवाखाना नव्हता. पेपर होता.
'ओझ्व्हेना', म्हणजे पडसाद.
चार पानं, दर गुरुवारी, चेक भाषेत.

त्या भाषेत एक अक्षर आहे,
र आणि झ एकाच श्वासात काढायचे.
लिहिताना र च्या डोक्यावर एक खूण,
घरट्यातल्या पिल्लाच्या उघड्या चोचीएवढी.
गाव त्या अक्षराने भरलेलं :
बेद्र्झिख, कातेर्झिना, कोवार्झिक, ओन्द्र्झेय.
आणि शिकागोहून आलेल्या खणात
चोचीचे र फक्त एकतीस.

माझी आई तेव्हा दहा वर्षांची.
अंक छापून झाला की मजकूर मोडायचा,
खिळे रॉकेलने पुसायचे,
ज्याचा त्याच्या खणात टाकायचा.
आठवड्याला पाच सेंट.
चोचीचे र ती आधी मोजून घ्यायची,
मग बाकीची बाराखडी.

अठरा सालच्या ऑक्टोबरात ताप आला.
संपादक वेन्देलिन काकांनी
निधनाचा रकाना मोडायचा थांबवला.
तो तसाच दोरीने बांधून ठेवायचे,
पुढच्या गुरुवारी खाली नावं जोडायचे फक्त.
रकान्याचा दुसरा रकाना झाला.
सुताराकडचे लोखंडाचे खिळे संपले,
आमच्याकडचे शिशाचे.
एकतीसच्या एकतीस र
मेलेल्यांच्या नावांत अडकून बसले.

जिवंत माणसं मग बिनचोचीची छापली जाऊ लागली.
बिल, लिलाव, डुकरांचे भाव, बारसं.
कुणी काही बोललं नाही.
तसल्या दिवसांत र साठी कोण भांडणार?

यिर्झिना स्कालोव्हा भांडली.
तोंडावरचा रुमाल न काढता दारात उभी राहिली.
'शनिवारी माझं लग्न आहे.
दोनदा पुढे ढकललंय. आता होणार.
आणि तुम्ही छापताय यिरिना.
ही यिरिना कोण? मी तिला ओळखत नाही.'

आई म्हणायची, काका बराच वेळ
हात पुसत राहिले.
मग बांधलेल्या रकान्याची दोरी सोडली,
चिमट्याने एक र उचलला,
त्या जागी साधा बसवला,
आणि उचललेला माझ्या आईच्या तळहातावर ठेवला.
'जा, हिच्या नावात घाल.'

इतकंच तिने सांगितलं होतं. कोणाचा, ते नाही.

वाचनालयाच्या तळघरात,
नाताळच्या दिव्यांच्या खोक्यांमागे,
ते बांधीव अंक आहेत. किल्ली माझ्याकडे असते.
मी दोन गुरुवार शेजारी शेजारी ठेवले.
सातव्या नोव्हेंबरला :
बेद्र्झिख, वय छत्तीस, संपादकांचे धाकटे बंधू.
चौदाव्याला :
बेद्रिख.

बाकी ओळ तीच.
स्वल्पविरामही हललेला नाही.

पेपर एक्कावन्न साली बंद पडला.
खिळे किलोवर नाही, पौंडावर गेले,
कॅटफिशच्या गळांना वजन म्हणून.
नदीच्या गाळात आजही असतील काही चोची.
कोवार्झिकांची नातवंडं आता स्वतःला
कोवारिक म्हणवतात, फोनवर तसंच सांगतात,
आणि त्यांचं काही अडत नाही.

गेल्या महिन्यात काउंटीचा एक मुलगा
यंत्र घेऊन आला, पानांचे फोटो काढायला.
यंत्राला ते अक्षर वाचता येईना,
प्रत्येक चोचीच्या जागी त्याने
एक रिकामी चौकट काढली.
मुलगा म्हणाला, 'हे नंतर हाताने भरावं लागेल.'
मी म्हटलं, 'भरते.'
रोज दुपारी दोन तास बसते.

काल चौदा नोव्हेंबरचं पान आलं.
लग्नाच्या बातमीतली चौकट भरली.
खाली छोटी जाहिरात होती :
हरवली आहे, तांबडी गाय, डावा कान फाटका,
आणणाऱ्यास लोण्याचा गोळा.
वर बेद्रिख तसाच, चौकट न पडलेला.
यंत्राने त्याला बरोबर वाचलं होतं.

पेन्सिल कानावर ठेवून
मी पान उलटलं.