सतरावा रकाना

ग्वाल्हेरला, कंपूतल्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या जिन्यावर,
धुकं अजून पायरीवर बसलेलं,
रात्रपाळी उतरलेल्या शितोळे सिस्टरना मी विचारलं :
मागच्या महिन्यात थकवा किती?
एक ते पाच. खूण करा.

त्या पायातले मोजे काढत होत्या.
पोटरीवर इलॅस्टिकचा लाल वळ.
म्हणाल्या, खूण ही काय, झालेलीच आहे.

तरी तीनवर टिंब दिलं.
पाच लिहिलं की बदली होते हो,
आणि दोन लिहिलं तर
आणखी एक वॉर्ड देतात.

पुढचा प्रश्न : एका रुग्णामागे खर्च?
सलाईन, खाट, कापूस, सुया,
सगळं तोंडपाठ.
मग थोडं थांबून :
परवा भिंडच्या बाईला बसभाडं दिलं, ऐंशी रुपये,
ते कुठे धरता?
आणि तिचं पोर रडायला लागलं
तेव्हा डब्यातली गुळाची पोळी?

माझ्या तक्त्यात सोळाच रकाने होते.

खालून चहावाल्यानं हाक मारली.
त्यांनी दोन बोटं वर केली
आणि मी खिसा चाचपेपर्यंत
पदराच्या गाठीतून पैसे काढलेसुद्धा.

अहवाल गेला. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं.
सरासरी थकवा : तीन पूर्णांक एक.

माझ्याकडच्या प्रतीवर मात्र
पेन्सिलीनं एक उभी रेघ मारलीय, जराशी वाकडी.
वर काय लिहावं ते अजून सुचत नाही.
खाली एकच नोंद :
चहा, दहा रुपये. देणं माझ्याकडे.